आडव्या अप्पांचं माप

भद्रप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी जमिनीवर आडवे होत.

बसा म्हणायच्या आत. पाण्याचा तांब्या यायच्या आत. डोक्याचा पिवळा रुमाल सोडून त्याची उशी करायची, गळ्यातलं लिंग छातीवर मधोमध ठेवायचं आणि घराच्या मधल्या खणात पाठ टेकायची. मग हात डोक्यामागं लांब करून एक भिंत चाचपायची आणि पायाच्या अंगठ्यानं समोरच्या भिंतीचा ठाव घ्यायचा. हाताला आणि पायाला भिंत लागली तर अप्पांच्या तोंडून "च्च" असा आवाज यायचा. लागली नाही तर "हां". घरमालक बिचारा या दोन आवाजांच्या मध्ये श्वास धरून उभा असे.

"उभ्यानं घर कळत न्हाई," अप्पा छताकडं बघत सांगायचे. "माणूस रानात उभा असतोय, दुकानात बसल्याला असतोय. घरात त्यो आडवा होयाला येतोय. मग घर उभ्यानं कामून बघायलाव? आडवं व्हा, मग बोला."

"आडवं व्हा, मग बोला" हे ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की गाव त्यांना आडवे अप्पाच म्हणू लागलं. दुकानावर पाटी नव्हती. तिची गरजही नव्हती. चिटगुप्प्याकडून येणारा नवखा माणूस वेशीत विचारायचा, "कापडाचं चांगलं दुकान कोणतं?" आणि त्याला उत्तर मिळायचं, "आडव्या अप्पांचं. पण तुमच्या घरी बोलवू नका."

मी आडतीवर मुनीम आहे. तीस वर्षं जोंधळा, तूर आणि करडई यांचे आकडे लिहीत आलो आहे. मोजलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसतो, सांगितलेल्या गोष्टीवर बसत नाही. त्यामुळं अप्पांचं माप मी एकदा दोरी लावून तपासलं होतं. टाचेपासून शेंडीपर्यंत ते साडेतीन हातांना दोन बोटं कमी भरले. गावातल्या गवंड्यांना ही दोन बोटं ठाऊक होती आणि ते ती धरून चालत. "भिंत किती घेऊ?" "दोन अप्पा घे." "आणि ओटा?" "अर्धा अप्पा पुरं." आमच्या गावात कापड वारानं, धान्य पायलीनं आणि घर अप्पांनी मोजलं जाई. पहिली दोन मापं कुठंही मिळतील. तिसरं फक्त आमच्याकडं होतं आणि ते रोज सकाळी स्वतःच्या पायांनी चालत दुकानात येई.

एकदा ते चिटगुप्प्याला उधारीच्या कामासाठी गेले असताना वाटेत एक नवं घर अर्धवट बांधलेलं दिसलं. अप्पा आत शिरले आणि आडवे झाले. थोड्या वेळानं गवंडी जेवून परत आला. बघतो तर मधल्या खणात कपाळभर विभूती लावलेला म्हातारा, डोळे छताला लागलेले, हात ताठ. त्यानं बोंब ठोकली. आळी गोळा झाली. बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी पाणी आणायला पळालं. तेव्हा अप्पा न उठता म्हणाले, "वरडू नकोस बाबा, आवाज घुमायलाय. छत हातभर वर घे."

गवंड्यानं घेतलं की नाही, ते मला माहीत नाही. अप्पा म्हणत, घेतलं.

माझ्या चुलत भावाच्या याद्यांच्या वेळी तर त्यांनी कमालच केली. मुलीकडचे लोक अफजलपूरहून आलेले, बैठक मांडलेली, सुपारी फुटायची राहिलेली. अप्पा मुलीकडून मध्यस्थ. ते सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि पाहुण्यांच्या देखत आडवे झाले. दोन वेळा इकडून तिकडं लोळले. मग उठून रुमाल बांधत म्हणाले, "पोरगी हितं झोपंल तर चुलीचा धूर डोळ्यात जाईल. ह्या भितीला खिडकी पाडा, मग सुपारी फोडा."

माझे चुलते तापट. ते म्हणाले, "अप्पा, तुमी पोरगी द्यायला आलाव का घर पाडायला?"

"घर न्हाई, खिडकी," अप्पा म्हणाले.

खिडकी पाडली. आमची वहिनी आज नातवंडांची आजी आहे. त्या खिडकीतून तिला कुणी जाता-येता दिसलं की ती अजून अप्पांचं नाव काढते.

कचेरीसुद्धा त्यांनी सोडली नाही. तहसील कचेरीत काही अर्ज घेऊन गेलेले अप्पा तिथल्या फरशीवर आडवे झाले, तेव्हा तहसीलदारांच्या हाताखालचे पेशकारसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "अप्पा, तबियत खराब है क्या?"

"न्हाई साहेब. कचेरी मापायलोय."

"कैकू?"

"रयत हितं दोन-दोन दिवस थांबायलीय. झोपाय जागा हाय का, ते बघायलोय."

पेशकारसाहेब मूळचे बीदरचे, गमत्या स्वभावाचे. त्यांनी शिपायाला बाहेरच्या वऱ्हांड्यातली लाकडं हलवायला सांगितली, आणि तिथं कोर्टकामाला आलेली माणसं झोपू लागली. पुढं गावातल्या कुठल्याही तक्रारीवर पेशकारसाहेब आधी विचारत, "अप्पा लेटे थे क्या वहाँ?"

हे सगळं सांगताना एक गोष्ट सांगायची राहते. अप्पांचं स्वतःचं घर पेठेतल्या मोठ्या घरांपैकी एक. नऊ खणांचं, बीदरच्या तांबड्या दगडाचं, आत चौक. पण त्या घरात अप्पांना आडवं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते दुकानातल्या गादीवर झोपत. विचारलं तर म्हणत, "दुकानाला राखण लागती." आमच्या गावात कापडाची चोरी झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पण माणूस चिकट असतो, असं म्हणून मी ती गोष्ट तिथंच सोडून दिली होती.

आता निवडणुकीकडं येतो. अप्पांचं नाव गावाबाहेर गेलं ते तिच्यामुळं.

त्या वर्षी सरकारनं आमच्या गावच्या कमिटीत एक माणूस रयतेच्या मतानं घ्यायचं ठरवलं. तोवर सगळे वरून नेमलेले असत. मत कुणाला, तर घरपट्टी भरणाऱ्याला. आदल्या पावसाळ्यात ओढा फुगून त्याच्या काठची आळी बसली होती. मातीची माळवदं ती, रात्रभरात खाली आली. माणसं वाचली. पण घरं गेलेली ती सगळी कुटुंबं तेव्हापासून वेशीजवळच्या जुन्या सराईत, गोणपाटं टांगून राहत होती. पट्टी मात्र त्यांनी पावसाच्या आधीच भरली होती. म्हणजे घर वाहून गेलं होतं आणि मत शाबूत होतं.

या लोकांना गायरानावर घरं बांधून द्यायची, एवढं कमिटीनं मंजूर केलं होतं. घर केवढं, हे नवा निवडून येणारा माणूस ठरवणार होता. त्यामुळं दोन्ही पक्षांना घराशिवाय दुसरा विषय सुचेना.

पक्ष दोन. पेठेचा आणि वेशीचा. पेठेचे उमेदवार नागशेट्टप्पा, तेलाचे व्यापारी, देहानं भरभक्कम, बोलताना निम्मं कानडी. वेशीचे माणिकराव, जमीनदार, पांढरा कोट आणि इस्त्री यांच्यासाठी प्रसिद्ध. पेठेनं दवंडी दिली, निवडून आलो तर प्रत्येक कुटुंबाला तीन अंकणांचं घर. वेशीनं दुसऱ्या दिवशी दवंडी दिली, प्रत्येक कुटुंबाला दोन खणांचं घर.

अंकण म्हणजे कानडीत तेच, जे मराठीत खण. दोन तुळयांच्या मधली जागा. हे आमच्याकडं लहान मुलालाही कळतं. पण दवंडी झाली आणि शहाण्या माणसांचंही भान गेलं. कानडी बोलणारे म्हणू लागले, तीन म्हणजे तीन, दोनपेक्षा जास्तच. मराठी बोलणारे म्हणू लागले, खण तो खण, त्याच्यापुढं अंकण म्हणजे कोनाडा. ज्यांच्या घरात आई कानडी बोलते आणि बाप मराठी, त्यांच्यात तर जेवताना भांडणं झाली. चहाच्या हॉटेलात दोन साडू एका बाकावर बसेनासे झाले.

सराईत सुंद्राबाई म्हणून एक बाई होती. नवरा मारुती विहिरी खणायचा, चार पोरं, आणि घोरण्यात गावात पहिला नंबर असलेली सासू. वेशीची माणसं मत मागायला आली तेव्हा ती म्हणाली, "दोन खण? चोळीचे का घराचे? चोळीचे खण मला माहेरी बी मिळत्यात. त्यात नवरा कसा झोपवू?"

पेठेची माणसं हसली, तेव्हा त्यांच्याकडं वळून म्हणाली, "तुमी दात काढू नगासा. तुमचं अंकण केवढं हाय, ते कुठं सांगायलाव?"

बाईचा प्रश्न बरोबर होता. मला तो टोचला. दोन घरांची तुलना करायची तर हातात आकडा हवा. मी आडतीवरून सुटल्यावर नागशेट्टप्पांकडं गेलो. "शेठ, अंकण किती हातांचं?"

"अंकण म्हंजे अंकण, मुनीम. आता अंकणाला बी कुणी विचारतंय का?"

मग माणिकरावांकडं. "रावसाहेब, खण केवढा?"

"खणाएवढा."

हा आकडा मला कुठंच लिहिता येईना. मी वैतागून अप्पांच्या दुकानात जाऊन बसलो आणि सांगितलं. अप्पा एका बाईला वारानं साडी मोजून देत होते. गज बाजूला ठेवत म्हणाले, "कागदावर घर मापायलास व्हय? त्या दोघांचं लाकूड गायरानावर मागव. बाजारच्या दिवशी. आणि सुंद्रीला म्हणावं, चुलीतली राख टोपलीभर आण."

बाजारच्या दिवशी गायरानावर एवढी माणसं जमली, की मन्नाएखेळ्ळीचे गाडीवाले बैल सोडून बघायला आले. पेठेच्या गाडीतून बाभळीच्या आखूड तुळया उतरल्या. वेशीच्या गाडीतून सागाच्या लांब. दोन्ही उमेदवार छत्र्या धरून उभे. अप्पांनी रुमाल घट्ट केला आणि पेठेच्या तुळया जमिनीवर अंतरानं मांडायला लावल्या. तीन अंकणं. कडेकडेनं राखेची रेघ ओढली. मग तुळया उचलायला लावल्या.

"आता वेशीच्या. त्याच जागी. म्हंजे मोठं कोण, लहान कोण, आंधळ्याला बी दिसंल."

सागाच्या तुळया मांडल्या. दोन खण. अप्पा वाकून राखेची दुसरी रेघ ओढू लागले. एक कोपरा झाला, दुसरा झाला. माणसं पुढं सरकली. तिसऱ्या कोपऱ्यावर अप्पा थांबले आणि माझ्याकडं बघू लागले. मी जाऊन पाहिलं. रेघ रेघेवरच पडत होती. जिथं फरक होता तो बोटभर, आणि तोही राखेच्या जाडीचा.

दोन्ही घरं एकच होती.

मग नागशेट्टप्पा म्हणाले, "एनप्पा! ह्ये कसं झालं?"

कसं झालं ते लवकरच कळलं. दोघांनी घराचा अंदाज एकाच गुत्तेदाराकडून, म्हणजे बांधकामाच्या कंत्राटदाराकडून, घेतला होता. त्यानं एकाला कानडीत सांगितला, दुसऱ्याला मराठीत. लाकूड बदललं की अंकणांचा आकडा बदलतो, घर बदलत नाही, हे त्याला माहीत होतं आणि दोघांना नव्हतं. गुत्तेदार गर्दीतच उभा होता. बैलांना पाणी दाखवतो, असं म्हणून तो जो गेला तो बाजार उठेपर्यंत दिसला नाही. हॉटेलातले दोन साडू एकमेकांकडं बघेनात. मग त्यातल्या एकानं दुसऱ्याला पान दिलं.

इतक्यावर काम झालं, असं मला वाटलं होतं. मी दोरी गुंडाळू लागलो. पण अप्पांनी हात वर केला.

"एक झालं. आता ह्ये घर पुरतंय का, ते बघायचं हाय. सुंद्रे, माणसं आण. आडवं व्हा, मग बोला."

सुंद्राबाईनं खरंच माणसं आणली. एका कोपऱ्यात तीन दगड मांडून चूल झाली, दुसऱ्यात पाण्याची घागर आणि धान्याची कणगी म्हणून एक उलटी टोपली. सासू आडवी झाली आणि बहुतेक लगेच झोपली. मारुती लाजत लाजत आडवा झाला. मग पोरं. सुंद्राबाई चुलीकडं डोकं करून, ऊन डोळ्यात जाऊ नये म्हणून पदर घेऊन पडली. त्या सात माणसांत मारुतीचे दोन्ही पाय गुडघ्यापासून राखेच्या रेघेबाहेर.

"पाय रस्त्यावर आले," अप्पा म्हणाले. "गाडी गेली तर कुणाची जबाबदारी?"

"लहान माणसं आहेत, पाय जवळ घेऊन झोपतील," माणिकराव म्हणाले.

"रावसाहेब, तुमी घ्या बरं पाय जवळ. या. मारुतीच्या जागी."

"माझा कोट—"

"कोट निवडून येणार हाय का तुमी?"

माणसं एवढी हसली की माणिकरावांना दुसरा मार्ग राहिला नाही. मारुती उठला, रावसाहेब आडवे झाले. सुंद्राबाई पदराआडून म्हणाली, "सासूच्या बाजूला नीट सरका रावसाहेब. घोरती, पण लाथा मारत न्हाई." मग पेठेच्या लोकांनाच चेव आला आणि त्यांनी आपल्या उमेदवाराला पुढं ढकललं. नागशेट्टप्पा चौघांच्या आधारानं खाली बसले आणि आडवे झाले, तेव्हा तीन पोरं आपोआप रेघेबाहेर गेली. चौथं त्यांच्या पोटावर बसलं.

"शेठ एकटेच एक अंकण भरले!" कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात टांग्यातून पेशकारसाहेब आले. दोन उमेदवार एका घोरणाऱ्या म्हातारीच्या दोन्ही बाजूंना गायरानावर झोपलेले बघून ते टांग्यातच उभे राहिले. "अप्पा! ये क्या तमाशा कर्रे?"

"इलेक्शन हाय साहेब," अप्पा म्हणाले.

मग अप्पांनी रेघ पुसली आणि नवी ओढली. दोन्ही उमेदवारांना लोळतच कडेला सरकवून, मारुतीला पोरांसकट परत झोपवून, माणसं आडवीच ठेवून. मारुतीच्या टाचेपलीकडून, पोरांच्या डोक्यापलीकडून, कणगीला वळसा घालून. सगळ्यांचे हातपाय आत आले तेव्हा ते म्हणाले, "मुनीम, दोरी लाव." मी दोरी लावली आणि आकडा मोठ्यानं सांगितला.

आकडा सांगून झाल्यावर अप्पांनी दाराच्या आतल्या बाजूला, रेघेला लागून, आणखी एक पट्टी आखली. लांबीला बरोबर एक अप्पा.

मी आकड्यांचा माणूस. मला राहवेना. "अप्पा, माणसं सात आहेत. हिशेबात एक अप्पा जास्त होतोय."

"हिशेब बरोबर हाय."

"ही जागा कुणाची?"

"पाव्हण्याची."

जमिनीवरून नागशेट्टप्पांचा आवाज आला, "पाव्हण्यासाठी लाकूड वाढवायचं का अप्पा? दर घरामागं एक तुळई! कमिटीची मंजुरी तेवढी न्हाई." पेठेची आणि वेशीची माणसं पहिल्यांदाच एकत्र मान हलवू लागली. मलाही त्यांचं म्हणणं पटत होतं. नव्या रेघेतली सगळीच जागा जाईल की काय, असं एकदम वाटायला लागलं. मारुतीनं तर पायानं ती पट्टी पुसायलाच घेतली. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अप्पा. आमचं आमाला मिळालं तरी लई झालं."

सुंद्राबाई उठून बसली.

"पुसू नगासा. पावसापासून आमच्याकडं कुणी आलं न्हाई. माझा भाऊ वेशीतून पाणी पिऊन माघारी गेला. सराईत पाव्हणा येत न्हाई, सराईत आमीच पाव्हणे हाव. एक माणूस ये म्हणाय जागा नसंल तर त्याला घर कामून म्हणायचं?"

माणिकराव कोटाची बाही झटकत, पडल्या पडल्या म्हणाले, "मंजूर. मला मंजूर आहे. आता उठू का?"

"मला बी मंजूर," नागशेट्टप्पा म्हणाले. "कुणी तरी उठवा मला."

निवडून नागशेट्टप्पा आले, थोड्या मतांनी. पण घरं बांधली गेली ती त्याच रेघेनं, आणि हरलेले माणिकराव पाया खोदायच्या दिवशी स्वतः उभे राहिले, कुणी बोटभरसुद्धा रेघ आत घेऊ नये म्हणून. आखूड लाकूड, लांब लाकूड, दोन्ही लागलं. मी अनेक गावांच्या बाजारांत बसलो आहे, मोठमोठी वचनं ऐकली आहेत. दिलेलं वचन जमिनीवर आखून, त्यात झोपून, मग पाळलेलं मी फक्त माझ्या गावात पाहिलं. हे लिहिताना माझी मान थोडी ताठ होते. ती तशीच राहू दे.

कागदावर मात्र एक अडचण आली. खण लिहावा तर पेठ रुसते, अंकण लिहावं तर वेस. पेशकारसाहेबांनी दोन्ही टाळून कचेरीच्या उर्दू कागदात लांबी-रुंदीच्या जागी सरळ "अप्पा" लिहिलं. मकान, तूल तीन अप्पा, अर्ज दो अप्पा, म्हणजे लांबीला तीन आणि रुंदीला दोन. कागद वर गेला आणि वरून विचारणा आली, की अप्पा हे कोणतं माप आहे, त्याची तफसील द्यावी. पेशकारसाहेबांनी खाली लिहिलं, "अप्पा बकैद-ए-हयात हैं. हुकुम हो तो पेश किए जाएँगे." अप्पा हयात आहेत, हुकूम झाल्यास हजर करू. अप्पा धुतलेला रुमाल काढून ठेवून हुकमाची वाट बघत राहिले. बोलावणं आलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं. "बीदरची मोठी कचेरी मापायची ऱ्हायली," ते म्हणत.

ती घरं झाल्याला वर्ष झालं असेल. माझ्या घराला मी एक खण वाढवायला काढला आणि अप्पांना बोलवायला दुपारी दुकानात गेलो. दुकानात त्यांचा भाचा होता. म्हणाला, "अप्पा मापायला गेल्यात."

दुसऱ्या दुपारी गेलो. "मापायला गेल्यात."

"कुठं एवढं मापायला?"

"गायरानावर. रोजच जात्यात की."

मी गायरानावर गेलो. नव्या आळीत सगळी दारं उघडी, भिंती सारवलेल्या, जोंधळ्याचं पीठ दळल्याचा वास. सुंद्राबाईच्या दाराशी ओळखीच्या वहाणा दिसल्या. आत वाकून बघितलं. दाराच्या आतल्या बाजूला, बरोबर त्या जास्तीच्या जागेत, पिवळ्या रुमालाची उशी करून अप्पा झोपले होते. पलीकडं सासू घोरत होती. सुंद्राबाईची धाकटी पोर अप्पांच्या पायाशी आडवीतिडवी पडली होती. एवढ्याशा घरात कुठंही मडकं, गाठोडं, टोपली ठेवायला जागा कमी पडत असणार. पण त्या जागेत दुसरं काहीच नव्हतं. ती नुकतीच सारवली होती.

माझ्या सावलीनं अप्पांचे डोळे उघडले. ते उठले नाहीत.

मी उंबऱ्यावर बसलो. "अप्पा, हे घर मापून झालंय की."

"नव्या भिती हायत, मुनीम. बसत्यात. बघत ऱ्हावं लागतंय."

"सगळ्या घरांच्या?"

"सगळ्या घरांच्या. पाळी लावलीया. काल मागल्या घरात व्हतो."

बाहेर कोंबड्या फिरत होत्या. मी विचारलं, "तुमच्याकडं नऊ खण आहेत. तिथं कधी आडवे झाला नाहीत?"

अप्पा छताकडं बघतच म्हणाले,

"झालतो की. एकदा. ही गेली, पोरी नांदायला गेल्या, त्याच्या मागनं. मधल्या खणात पडलो. हात लांब केला, काय लागंना. पाय लांब केला, काय लागंना." त्यांनी डोक्याखालचा रुमाल नीट केला. "माप लागलं न्हाई मुनीम. उठून दुकानात आलो."

हिशेबात जास्त झालेला तो एक अप्पा माझ्यासमोर पडला होता.

सुंद्राबाई डोक्यावर जोंधळ्याची टोपली घेऊन मागून आली. मला बघून पदर सावरला. अप्पांना बघून काहीच केलं नाही. टोपली टेकवायला जागा बघत, ज्या आवाजात ती मारुतीशी आणि पोरांशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "अप्पा, सरका की जरा."

अप्पा सरकले. सरकताना डोक्यामागं नेलेला हात टोपलीला लागला, अंगठा पायाशी झोपलेल्या पोरीला लागला. पोरीनं झोपेतच लाथ मारली.

दोन्हीकडं लागलं होतं. नेहमीच्या नियमानं "च्च" यायला हवं होतं.

"हां," अप्पा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.